तात्पुरत्या दोरीचा घोडा

खरं सांगू? हे लिहायचं मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. म्हटलं, कोपऱ्यातल्या लाकडी घोड्याचं कोण ऐकणार? शिवाय ज्या मंडळात अर्धं आयुष्य काढलं, त्यांचीच चूक सांगायची म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं. मग लक्षात आलं, मी तर कधी काही खाल्लंच नाही. मग म्हटलं, सांगून टाकू.

तर मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. शेपटीवाला नाही. रंगारी, वायरमन ज्यावर चढतात ना, वर बिजागरी आणि खाली चार पाय, तो. मला लिहायला-वाचायला कुणी शिकवलं नाही. शाळेत मी गेलोय, पण वर्गातल्या पंख्याला हात पुरावा म्हणून. भिंतीला टेकून उभं असताना जे कानावर पडलं, तेवढंच माझं शिक्षण.

मला एका सुताराने बनवलं. त्याच्या मेहुण्यासाठी. मेहुणा रंगारी होता आणि अंगाने चांगलाच भरलेला. "याच्या वजनाने मोडला तर बहीण मला मोडेल," असं म्हणत सुताराने माझे पाय जाड घेतले, पायऱ्या खाचेत घट्ट बसवल्या. शेवटी माझ्या पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये एक लोखंडी साखळी अडकवली. ती मेहुण्याला दाखवून म्हणाला, "भाऊजी, रंग उडाला तरी चालेल, पायरी झिजली तरी चालेल. पण ही साखळी आहे म्हणून हा उभा आहे. ही गेली की याचे पाय फाकणार आणि तुम्ही खाली."

ते वाक्य मी विसरलो नाही. बाकी सगळे विसरले.

रंगाऱ्याबरोबर मी खूप घरं पाहिली. अंगावर सगळ्या भिंतींचे शिंतोडे घेतले. मग रंगाऱ्याचे गुडघे बोलायला लागले. त्याने काम सोडलं आणि मला मंडळाला देऊन टाकलं.

मंडळ म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरची खोली. एक टेबल, एक पत्र्याचं कपाट, चहाची किटली आणि माणसं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं आणि बारीकसारीक कामं करून द्यायची, हे त्यांचं काम. बल्ब बदलणं, पडद्याचा दांडा बसवणं, माळ्यावरचं गाठोडं काढून देणं. फुकट. कामाच्या बदल्यात कुणी बिस्कीट दिलं तर तेही लाजत घ्यायचं.

या मंडळातला माझा खास माणूस म्हणजे कंडक्टर. निवृत्त बस कंडक्टर. त्यांना सगळे तेवढंच म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा. मला खांद्यावर टाकून रस्त्याने निघाले की समोरच्या माणसाला म्हणायचे, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे!" वर चढून बल्ब लावला आणि उजेड पडला की त्यांच्या तोंडावरही पडायचा. खाली उतरून माझ्या पायरीवर थाप मारायचे. "शाब्बास रे घोड्या."

फार चांगले दिवस होते ते. मला कौतुकाची सवय लागली होती.

मग एकदा जिन्यावरून उतरताना माझी साखळी कठड्यात अडकली आणि तुटली. मंडळाचे सेक्रेटरी फार सज्जन गृहस्थ. कुणाला नाही म्हणायचं झालं तर त्यांनाच घाम फुटायचा. त्यांनी कपाटातून कपडे वाळत घालायची निळी दोरी काढली आणि माझ्या पायांना बांधली.

"तात्पुरती आहे हं," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात साखळी आणतो."

मित्रांनो, माणसांच्या भाषेत तात्पुरतं म्हणजे किती, ते मला अजून कळलेलं नाही. दोरीचा रंग उडून ती पांढरी झाली, तरी तात्पुरतीच होती.

दोरी ताणली की मी कुरकुरायचो. साखळी होती तेव्हा मी कधी कुरकुरलो नव्हतो. मला वाटलं, कुणीतरी विचारेल काय दुखतंय. कंडक्टरांनी ऐकलं, म्हणाले, "म्हातारा झाला बिचारा." आणि बिजागरीत तेल घातलं. कुरकुर थांबली. सगळ्यांना वाटलं दुखणंही थांबलं.

आता आजींकडे येतो. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या आजी. पूर्वी त्या टेलिफोन ऑफिसात होत्या, त्यामुळे आवाज असा की कुजबुजल्या तरी शेजारच्या घरात ऐकू जावं. मंडळाचं कुणी आलं की आजी पदर खोचून माझा पाय धरायला हजर. कंडक्टर म्हणायचे, "आजी, बसा हो तुम्ही." आजी म्हणायच्या, "तुम्ही वर बघा. खालचं खातं माझं."

खरं तर घोडा घेऊन दोघांनी जायचं असं मंडळात ठरलं होतं. एकाने चढायचं, एकाने धरायचं. पण ठरलं होतं म्हणजे कधीतरी चहा पिताना कुणीतरी म्हणालं होतं. भिंतीवर नव्हतं, कागदावर नव्हतं. नवीन माणसाला तर कुणी सांगायचंही नाही. दुसरा माणूस मिळाला नाही की एकजण जायचा, आणि ज्यांच्या घरी मदत करायची तेच घोडा धरायचे. हे कुणालाच विचित्र वाटत नव्हतं.

त्या दिवशी आजींच्या स्वयंपाकघरातला बल्ब गेला होता. कंडक्टर एकटेच आले. मला उभं केलं, दोरी चाचपली आणि जरा थबकले. मग म्हणाले, "आजी, आज जरा घट्ट धरा हं. दोरी सैल वाटते."

"तुम्ही चढा. मी आहे," आजी म्हणाल्या.

कंडक्टर वर गेले, हात लांबवला आणि दोरीची गाठ सुटली. माझे पाय फरशीवरून घसरले. कंडक्टर ओट्याला धरून सावरले, म्हणून वाचले. मी मात्र आडवा झालो, आणि माझा जाड, सुताराने मेहुण्यासाठी बनवलेला पाय आजींच्या पावलावर आदळला.

आजी ओरडल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बल्ब फुटला नाही ना?"

पाऊल मोडलं होतं.

कंडक्टर त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. मी तिथेच फरशीवर पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी मला न्यायला कंडक्टर आले, तेव्हा आजींची मुलगी परगावाहून आलेली होती. आजींचा पाय प्लास्टरमध्ये, उशीवर. मुलगी दारातच उभी राहिली.

"माझ्या आईला घोडा धरायला कुणी लावलं?" तिने विचारलं. "तिचं वय काय, तुमचं काम काय? मला एवढंच सांगा, याला जबाबदार कोण?"

आतून आजींचा आवाज आला, "अगं, त्यांना चहा तरी विचार!"

"आई, तू गप्प बस."

संध्याकाळी मंडळाच्या खोलीत सगळे जमले. मी भिंतीला टेकून. किटली भरलेली, पण कुणी ओतून घेत नव्हतं. मंडळात एक वकीलताई होती. वयाने सगळ्यात लहान, दिवसा कोर्टात आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर पडद्यांचे दांडे बसवायला. तीही आली होती.

"पण आपण तर फुकट काम करतो!" सेक्रेटरी म्हणाले. "फुकट करणाऱ्यावर कसली आलीय जबाबदारी?"

"आपण फुकट काम केलं म्हणून त्यांचा पाय कमी दुखतो का, साहेब?" वकीलताई म्हणाली. "कायदा पगार विचारत नाही. तुम्ही लोकांच्या घरात घोडा नेता ना? मग तो धड आहे का, तो वापरायला माणसाला शिकवलंय का, काळजी घेतली होती का, एवढंच विचारतो. आणि हे सगळं मंडळाला विचारतो, एकट्या कंडक्टरकाकांना नाही."

सेक्रेटरींनी घाम पुसला. मग त्यांचा चेहरा उजळला. चांगल्या माणसाला वाईट कल्पना सुचली की चेहरा असाच उजळतो.

"एक मार्ग आहे," ते म्हणाले. "आपल्या स्वयंसेवकांचा विमा आहे. आजींचं नाव गेल्या महिन्यापासून स्वयंसेवक म्हणून घालू. नाहीतरी त्या नेहमी घोडा धरतातच! म्हणजे खोटंही नाही तसं. त्यांच्या औषधपाण्याची सोय होईल, मुलगी शांत होईल, मंडळ वाचेल. कुणाचं काय जातंय? कंडक्टर, तुम्ही तिथे होतात. साक्षीला तुमची सही लागेल."

आणि मित्रांनो, पेन कंडक्टरांच्या हातात दिलं गेलं.

त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला ठाऊक आहे. वाटेत ते माझ्याशी बोलायचे ना. घरात त्यांना करायला काही नव्हतं. बायको म्हणायची, "ते मंडळ बंद पडलं तर तुम्ही मलाच दिवसभर पुढे सरका म्हणाल." हसून म्हणायची, पण ते खरं होतं. बल्ब लावणं हे त्यांच्यासाठी काम नव्हतं. आपण अजून कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत, हे त्यांना माझ्या वरच्या पायरीवरून दिसायचं. सही केली तर ती पायरी राहणार होती. नाही केली आणि दोरीचं खरं सांगितलं, तर पायरीही जाणार आणि कदाचित मंडळही.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं. माझ्याकडे पाहिलं.

"साहेब," ते शेवटी म्हणाले, "मी आयुष्यभर माणूस बसमध्ये चढल्यावर तिकीट फाडलं. बस उलटल्यावर कधी फाडलं नाही." आणि पेन टेबलावर ठेवलं.

सेक्रेटरींनी मान खाली घातली. त्यांना लाज वाटली, आणि मला वाटतं, थोडं हलकंही वाटलं.

मग ते उठले, पिशवीतून चकचकीत नवी साखळी काढली. सकाळीच आणली होती. "निदान ही तरी आता लावतो," म्हणत माझ्यापाशी वाकले. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती साखळी! मी नुसता मोहरून गेलो.

"हात लावू नका!" वकीलताई ओरडली.

"अगं, दुरुस्ती करतोय."

"काल केली असती तर दुरुस्ती होती. आज केली तर लपवाछपवी होईल. दोरी जशी आहे तशी राहू दे. उद्या घोडा उचलायचा आणि आजींच्या मुलीसमोर नेऊन ठेवायचा. दोरीसकट."

"आणि सांगायचं काय?" कुणीतरी विचारलं.

"जे झालं ते."

"ते मी सांगतो," कंडक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझी वरात निघाली. पुढे कंडक्टर, मागे सेक्रेटरी, बाजूला वकीलताई. रस्त्याने जाताना त्या दिवशी कंडक्टर कुणालाच पुढे सरका म्हणाले नाहीत.

मुलीने दार उघडलं. कंडक्टरांनी मला पॅसेजमध्ये उभं केलं, दोरीचं सुटलेलं टोक हातात घेतलं आणि सांगायला लागले. "ताई, इथे साखळी हवी. ती तुटली होती. आम्ही दोरी बांधली आणि विसरलो. त्या दिवशी ती सैल आहे हे मला कळलं होतं. तरी मी चढलो. बरोबर दुसरा माणूस आणायला हवा होता, तोही आणला नाही. तुमच्या आईला धरा म्हणालो. बसा म्हणायला हवं होतं. तुम्ही विचारलंत जबाबदार कोण. मंडळ आहे. आणि मंडळात मी आहे."

मुलीने दोरीकडे पाहिलं. हात लावून पाहिला. ती बहुतेक भांडायच्या तयारीत होती, आणि भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

"हे तुम्ही मला का दाखवताय?" तिने विचारलं. "मला काय कळलं असतं?"

"म्हणूनच," वकीलताई म्हणाली. "स्वयंसेवकांचा सोडून आमचा आणखी एक विमा आहे. खोली भाड्याने देताना इमारतीच्या मालकाने हट्टाने घ्यायला लावला होता. आमच्या कामामुळे बाहेरच्या कुणाला इजा झाली तर त्यासाठी. तो कुणी नीट वाचलाच नव्हता. काल मी पूर्ण वाचला. आजी आमच्या स्वयंसेवक नाहीत, बाहेरच्या आहेत. तेव्हा त्यांच्यासाठी रीतसर मागता येईल. देतील की नाही ते विमा कंपनी ठरवेल, पण मागायचं तर सगळं खरं सांगून मागायचं."

सेक्रेटरी दोरीकडे बघत म्हणाले, "म्हणजे काल जर मी त्यांना... आत घेतलं असतं..."

"तर हा दरवाजा आपणच बंद केला असता," वकीलताई हळूच म्हणाली. "आणि दुसरा उघडलाच नसता. स्वयंसेवकांच्या विम्यात वयाची अट आहे. आजी तिच्या केव्हाच पुढे गेल्यात. वर खोटेपणाचा गुन्हा झाला असता तो वेगळाच."

तेवढ्यात आतून तो टेलिफोन ऑफिसचा आवाज आला.

"बाहेरची? कोण बाहेरची? इतकी वर्षं या घोड्याचा पाय मी धरला आणि मी बाहेरची?"

सगळे आत धावले. आजी उशीवर पाय ठेवून अशा बसल्या होत्या की जणू त्यांच्यावरच अन्याय झालाय. आणि झालाच होता म्हणा.

"आजी," वकीलताई त्यांच्या शेजारी बसली, "तुम्ही बाहेरच्या आहात म्हणून तर कंपनी ऐकून तरी घेईल."

आजींनी विचार केला. "असं होय. मग पाय बरा होईस्तोवर बाहेरची राहते. त्यानंतर मला आत घ्यायचं. रीतसर. मागच्या तारखेने नको."

मुलगी आधी कपाळाला हात लावून उभी होती. मग तिला हसू फुटलं. "काका, बसा," ती कंडक्टरांना म्हणाली. "चहा टाकते."

विमा कंपनीचा माणूस आला. त्याने माझे फोटो काढले. आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो निघाला, तोही फाकलेल्या पायांचा. त्याने पुष्कळ प्रश्न विचारले, सगळ्यांना वेगवेगळे. उत्तरं मात्र एकच आली, कारण खरं सांगायला पाठांतर लागत नाही. जरा वेळ लागला, पण आजींचं सगळं मार्गी लागलं. पाऊलही जुळलं. थंडीत ठणकतं म्हणतात, तेवढं राहिलं.

मंडळ बंद पडलं नाही. बदललं मात्र. आता नवीन माणूस आला की त्याला आधी बसवून सगळं समजावतात. काय करायचं, काय करायचं नाही, लोकांच्या घरातलं बाहेर बोलायचं नाही, आणि घोड्याबरोबर दोघं म्हणजे दोघंच. हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. शेवटची ओळ आजींनी सांगितलेली आहे. "ज्यांचं घर, त्यांनी खुर्चीत बसावं."

आजी आत आल्या. रीतसर. घोडा धरायला नाही, फोनवर. वयाची अट असलेला विमा वकीलताईने बदलून घेतला, फोनवर बसणाऱ्यांना तो आता चालतो. मंडळाची माणसं कुठे जायच्या आधी आजी त्या घरी फोन करतात. "आमची दोन माणसं येतील. एकच आला तर दार उघडू नका. मला सांगा, मी बघते त्याच्याकडे." त्यांना फोन लागतो तरी कशाला, हाच एक प्रश्न आहे.

कंडक्टरांची वरची पायरी गेली. वयात बसत नाहीत म्हणून चढायचं बंद. ते काही दिवस रुसले, आलेच नाहीत. मग बायकोनेच हाकललं असावं. एक दिवस आले आणि एका नव्या पोरीला घोडा धरताना पाहून त्यांना राहवलं नाही. "अगं, पाहुण्याचा हात धरल्यासारखा काय धरतेस? गर्दीच्या बसमध्ये दांडा धरतात तसा धर! वरचा माणूस तुझा प्रवासी आहे!" तेव्हापासून धरायचं कसं ते कंडक्टरच शिकवतात. वर बल्ब लागला की उजेड त्यांच्या तोंडावर पूर्वीसारखाच पडतो. मी बघतो ना, कोपऱ्यातून.

हो, मी कोपऱ्यात असतो. माझ्या जागी आता ॲल्युमिनियमचा नवा घोडा आहे. हलका, तरतरीत, जरा जास्तच चकाकतो. मला जळणात टाकायचं कुणीतरी सुचवलं होतं. कंडक्टर म्हणाले, "हात लावून बघा!" आता माझ्या पायऱ्यांवर मंडळाची पिवळी जॅकेटं टांगतात. ती विटकी दोरी अजून माझ्या पायाला तशीच आहे. नवीन माणसाला पहिल्या दिवशी माझ्यासमोर उभं करतात आणि ती हातात देतात. बास, माझं एवढंच काम. पण चांगलं आहे. मला आवडतं.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कुठेही एखादी वस्तू कुरकुरली तर आधी तेल शोधू नका. आधी वाकून बघा. आणि कुणी फुकट तुमच्या उपयोगी पडत असेल, तर त्याची काळजीही फुकटात उरकू नका. त्याला नीट उभं राहायला जागा द्या, धरायला माणूस द्या.

संध्याकाळी खोली बंद करायच्या आधी तो नवा घोडा माझ्याशेजारी येऊन टेकतो. दिवसभर कुठे गेला, कुठला पंखा पुसला, सगळं सांगतो. माझी त्याच्याशी आता दोस्ती झाली आहे. काल कठड्याला घासून त्याचे पाय धरून ठेवणाऱ्या पट्टीवर ओरखडा आला. घाबरला होता. म्हणाला, "दादा, मलाही कुणी तात्पुरतं बांधलं तर?"

मी त्याला शब्द दिलाय. म्हटलं, तुझ्या पायाला ज्या दिवशी कुणी दोरी बांधेल ना, त्या दिवशी मी उभ्या जागी असा कुरकुरेन, असा कुरकुरेन, की रस्त्यापलीकडून आजी फोन करतील. आणि या वेळी कुणी कितीही तेल घातलं, तरी मी गप्प बसणार नाही.